पावसाळ्यात कोईच्या तळ्याचं पाणी दर पंधरा दिवसांनी का बिघडायचं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडे हेच होतंय का ते लगेच कळेल.

जूनच्या अखेरीपासून साधारण दर दोन आठवड्यांनी तळ्यातले अकराच्या अकरा कोई (शोभेचे रंगीत मासे) एकदम खाणं सोडायचे. खाद्याचा डबा वाजवला की एरवी काठावर तोंडं उघडून गर्दी करणारी मंडळी, त्या दिवशी मात्र तळाशी एका कोपऱ्यात पंख मिटून बसायची. दुसऱ्या दिवशी धबधब्याखाली फेस साचायचा, साबणाच्या पाण्यावर येतो तसा, बोटाने सारला तरी न फुटणारा. मग मी घाबरून अर्धं तळं उपसायचो आणि नळाचं ताजं पाणी भरायचो. खरी गंमत पुढे. ताजं पाणी भरल्यावर दोन तासांत मासे जास्तच बिघडायचे. मासा आडवा होऊन तळाच्या लादीला अंग घासतो, तेव्हा त्याचं पांढरं पोट क्षणभर चमकून जातं. त्या दुपारी तळ्यात अशा पांढऱ्या ठिणग्या सारख्या उडत राहायच्या. तीन-चार दिवसांत सगळं जागेवर यायचं, आणि पंधरा दिवसांनी परत पहिले पाढे पंचावन्न.

तळं नाशिकमध्ये गंगापूर रोडला, घराच्या मागच्या अंगणात आहे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल, म्हणजे ३२० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, तेव्हा पाणी जवळपास ९,००० लिटर. हा हिशोब आधी करून भिंतीवर लिहून ठेवा. औषध, मीठ, सोडा, काहीही टाकायचं तर पहिला प्रश्न लिटरचाच येतो, आणि अंदाजाने सांगणारे बहुतेक लोक तळं आहे त्यापेक्षा मोठं सांगतात. मीही आधी सगळ्यांना ‘पंधरा हजार’ सांगत होतो. मासे हातभर लांबीचे, सरासरी किलोभर वजनाचे. फिल्टर तीन खणांचा: पहिल्यात ब्रश, दुसऱ्यात जपानी मॅट (जाड, जाळीदार गादी), तिसऱ्यात बायोबॉल (प्लास्टिकचे पोकळ गोळे) आणि ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे. नळीचे तुकडे म्हणजे आपल्याकडची खास सोय. नाशिकमध्ये द्राक्षबागायतदार पाहुणा नाही असं घर सापडणं कठीण, आणि बाग मोडली की काळ्या नळ्यांची भेंडोळी कुणी फुकटही देतं. इंचभराचे तुकडे करून जाळीच्या पिशवीत भरले की जिवाणूंना राहायला चांगली जागा होते. फक्त खतं, औषधं सोडलेली नळी असते, आधी आठवडाभर पाणी बदलत भिजत ठेवावी.

आधी काय काय चुकीचं केलं

पहिला संशय घाणीवर. पाणी बिघडलं म्हणजे फिल्टर घाण, असं सरळ गणित मांडून दर रविवारी मी मॅट बाहेर काढून नळाखाली, जोराच्या धारेने, पांढरीशुभ्र होईपर्यंत धुवायचो. बायको म्हणायची, “अहो, तळं धुताय की देवघर?” ती चेष्टा करत होती, पण मुद्दा तिचाच बरोबर होता. मॅटवर जो तपकिरी बुळबुळीत थर असतो तोच खरा फिल्टर. त्यातले जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. मॅट, बायोबॉल ही नुसती त्यांची चाळ. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं जंतू मारायला घातलेलं असतं, त्याला आपले जंतू आणि परके जंतू हा भेद कळत नाही. मी दर रविवारी चाळीतले भाडेकरू मारून भिंती चकाचक करत होतो.

दुसरा उपाय दुकानातून आणला. जिवाणूंची बाटली, झाकणभर रोज टाका, आठ दिवसांत पाणी काचेसारखं, असं सांगून दिलेली. चार बाटल्या संपल्या. बाटलीत काही नसतंच असं मी म्हणत नाही, पण ज्या पाण्यात आहेत तेच जिवाणू काम करायचे थांबलेत तिथे नवे आणून सोडले तर तेही हात बांधूनच बसणार. ते का थांबले होते, ते पुढे येईलच.

मॅट धुणं मी बंद केलं. पहिल्या खणातले ब्रश आणि दुसऱ्यातली मॅट आता तळ्याच्याच बादलीभर पाण्यात फक्त हिसळतो, तेही दोन्ही एका दिवशी नाही, आणि तिसऱ्या खणाला महिनोन्‌महिने हात लावत नाही. एवढं केल्यावर त्रास थोडा सौम्य झाला, पण पंधरा दिवसांचा फेरा काही सुटला नाही. म्हणजे ही चूक होती, मूळ मात्र दुसरीकडेच होतं.

मोजायची वेळ

माझ्याकडे तोवर पीएचच्या कागदी पट्ट्या होत्या. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मोजायचो, ७.६ ते ८ च्या दरम्यान यायचं, समाधान व्हायचं. आमच्या शेजारी निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे सर राहतात. त्यांनी एकदा कुंपणावरून विचारलं, “सकाळी मोजलंस का कधी? दिवसभर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच वर चढतो. रात्रभर सगळेच तो सोडतात, पीएच उतरतो. तू चढलेला तेवढाच बघतोयस.”

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पट्टी बुडवली. ६.२.

एका दिवसात पीएच इतका खाली-वर होतोय म्हणजे पाण्यात त्याला धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. ते धरून ठेवणारं म्हणजे केएच, पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. त्याच दिवशी थेंबांचं टेस्ट किट मागवलं. केएचची चाचणी अगदी सोपी आहे: नळीत पाच मिलि पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं. पाणी आधी निळं होतं, आणि साठा संपला की एका थेंबात पिवळं पडतं. जितके थेंब लागले तितके अंश, एक अंश म्हणजे सुमारे १८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). घरच्या नळाच्या पाण्याला पाच थेंब लागले. बोअरच्या पाण्याला चौदा. तळ्याचं पाणी घेतलं, पहिला थेंब टाकला, निळं होईल म्हणून नळी उजेडात धरली, तर ती पिवळीच.

मग अमोनियाचीही चाचणी केली. रंग पिवळ्यावरून चांगला हिरवा: २ पीपीएम. फिल्टर नीट चालू असलेल्या तळ्यात तो पिवळाच राहिला पाहिजे.

साठा जातो कुठे

इथे थोडी आकडेमोड आहे, ती मी मुद्दाम पूर्ण देतो, कारण माझा सगळा गुंता हिनेच सुटला.

अकरा किलो माशांना मी रोज वजनाच्या एक टक्का, म्हणजे ११० ग्रॅम खाद्य घालत होतो. एक किलो खाद्यामागे मासे ढोबळमानाने ३० ते ४० ग्रॅम अमोनिया पाण्यात सोडतात, म्हणजे माझ्याकडे रोज चारेक ग्रॅम. ९,००० लिटरमध्ये पसरला तर रोज ०.४ पीपीएमच्या आसपास. फिल्टर पूर्ण थांबला तर पाचव्या दिवशी २ पीपीएम, नेमका मला दिसला तोच आकडा.

आता दुसरी बाजू. एक ग्रॅम अमोनियाचं (त्यातल्या नायट्रोजनच्या हिशोबाने) नायट्रेट करताना जिवाणू सुमारे ७ ग्रॅम केएच खाऊन टाकतात. म्हणजे फिल्टर जेव्हा छान काम करतो तेव्हाच तो रोज ३ पीपीएम केएच संपवतो. नळाच्या पाण्याचं केएच ९० पीपीएम. पाणी न बदलता नुसतं चालू ठेवलं तर महिन्याभरात शून्य.

पण माझा फेरा महिन्याचा नव्हता, पंधरा दिवसांचा होता. तो अर्धा हिस्सा माझ्या हौसेचा. जूनच्या सुरुवातीला मी गच्चीच्या पन्हाळीचा पाईप तळ्यात वळवला होता. पावसाचं पाणी, शुद्ध, फुकट, माशांना आवडतं, असं सगळ्यांना सांगतही होतो. पावसाच्या पाण्यात केएच जवळपास नसतंच. गच्ची सहाशे चौरस फुटांची. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला की तिच्यावरून जवळपास २,८०० लिटर पाणी तळ्यात यायचं आणि तेवढंच जुनं पाणी वरच्या पाईपने वाहून जायचं. अशा एका दिवसात केएच ९० वरून ६६ वर. दोन दिवस असे गेले की ४८. त्यात बारा दिवसांचं फिल्टरचं खाणं, ३६. उरलं बारा पीपीएम, एका थेंबापेक्षाही कमी.

उन्हाळ्यात असं का होत नव्हतं, हेही यातच आलं. एप्रिल-मेमध्ये पाणी उडून जातं आणि भर मी बोअरने घालत होतो, चौदा थेंबवालं. न कळत साठा भरला जात होता. पावसाळ्यात भर घालायची गरजच पडली नाही.

केएच संपलं की रात्री पीएच घसरतो, आणि तो ६ च्या जवळ आला की अमोनिया खाणारे जिवाणू काम जवळपास बंद करतात. म्हणून बाटल्यांचा उपयोग नव्हता.

मग ताज्या पाण्याने मासे का बिघडायचे

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त लागलं.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक माशांना फारसं बाधत नाही, दुसरं कल्ल्यांना भाजतं. कुठलं किती, ते पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर विषारी भाग शंभरात एकापेक्षाही कमी. ८ ला पाचाच्या वर. ९ ला शंभरात पस्तीस-छत्तीस. माझ्या तळ्यात पीएच ६.२ ला २ पीपीएम अमोनिया असून मासे नुसते रुसलेले होते, कारण विषारी भाग नगण्य होता. मी अर्धं पाणी बदललं की अमोनिया २ चा १ झाला, पण नव्या पाण्याने पीएच एकदम ८ च्या आसपास नेला. एकूण अमोनिया निम्मा, आणि त्यातला विषारी भाग जवळपास तीसपट. अँटी-क्लोरीन मी नेमाने टाकत होतो, त्यामुळे ‘नळाच्या पाण्याने बाधलं’ हा आरोप मला पटतच नव्हता. बाधत होतं ते नळाच्या पाण्याने जागं केलेलं तळ्यातलंच विष.

आणि त्याच नव्या पाण्याने केएचही थोडं भरायचं, जिवाणू पुन्हा कामाला लागायचे, तीन दिवसांत अमोनिया उतरायचा, मला वाटायचं उपाय लागू पडला. पुढच्या फेऱ्याची तयारी तिथूनच सुरू.

आता काय करायचं

पीएच कमी आणि अमोनिया जास्त, असं दोन्ही एकत्र सापडलं तर घाई अजिबात नको. पहिलं काम खाद्य बंद. धडधाकट कोई आठवडाभर उपाशी राहिली तरी तिला काही होत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे पटवणं अवघड असतं, आमच्या आईने दोनदा चोरून पोळीचे तुकडे टाकले. दुसरं, हवा वाढवा. एअर पंप असेल तर आणखी एक स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा, नसेल तर धबधब्याची धार जास्त उंचीवरून पडेल असं करा. पाणी बदलायचं तर रोज दहा टक्के, बारीक धारेने, तासन्‌तास.

मग खाण्याचा सोडा. दर हजार लिटरला ८४ ग्रॅम टाकला की केएच ५० पीपीएमने वाढतं. माझ्या ९,००० लिटरला २५० ग्रॅम म्हणजे साधारण एक थेंब, एक अंश. रोज तेवढाच टाकायचा, बादलीत पूर्ण विरघळवून, धबधब्याच्या तोंडाशी हळूहळू ओतायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया मोजूनच पुढचा डोस. पाच-सहा दिवस लागतात. किराणा दुकानात सुटा किलोने मिळतो, स्वस्त आहे. मात्र दुकानदाराला नीट सांगा: खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा वेगळा, तो पीएच उडवून लावतो आणि त्याने एका दुपारीत तळं रिकामं होईल. केकची बेकिंग पावडरही चालत नाही, तिच्यात आम्लाची भुकटी मिसळलेली असते.

शिंपल्यांचे तुकडे जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवता येतात, पाणी आम्लाकडे झुकलं की ते हळूहळू विरघळतात. मी दोन किलो ठेवलेत. पण ते फार संथ काम आहे, त्यांच्या भरवशावर मोजणं सोडू नका.

नायट्राइटचीही चाचणी करा. तळं सावरताना अमोनिया खाली आणि नायट्राइट वर असे काही दिवस जातात, कारण दुसऱ्या टप्प्याचे जिवाणू मागाहून सावरतात. नायट्राइट चढला तर माशाचं रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, कल्ले उघडून पाहिले तर लालऐवजी तपकिरी दिसतात. तेव्हा खडे मीठ, हजार लिटरला एक किलो, तीन दिवसांत विभागून. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तळ्यात कमळ असेल तर ते मिठाला कुरकुर करेल. आणि फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खडे) ठेवलं असेल तर आधी ते काढा, खारट पाण्यात ते धरलेला अमोनिया परत सोडून देतं.

गच्चीचा पाईप मी दुसऱ्याच दिवशी झाडांकडे वळवला. आता दर रविवारी मॅट धुण्याऐवजी सकाळी सहाला तीन नळ्या भरतो: केएच, पीएच, अमोनिया. पाच थेंबांच्या खाली गेलं की २५० ग्रॅम सोडा. दहा टक्के पाणी दर आठवड्याला, त्यात थोडं बोअरचं. चहा होईपर्यंत सगळं उरकतं.

हेच नसेल तर

केएच भरपूर आहे आणि तरी मासे पहाटे पाण्यावर येऊन तोंडं उघडतात, दिवस वर आला की ठीक, असं असेल तर तो ऑक्सिजनचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं की ऑक्सिजन कमी मावतो, आणि हिरवं पाणी रात्री उरलेलाही खातं. नुसतं हिरवं असणं हा मात्र माशांचा आजार नाही, तो बघणाऱ्याचा आहे. पन्नास टक्क्यांची शेडनेट आणि यूव्ही दिवा पुरतो. दिवा पेटलेला दिसतो म्हणून चालू आहे असं समजू नका, वर्षभरात त्याचा जोर जातो. बोअरचं पाणी असेल तर काचेच्या नळीवर पांढरा थर चढतो, तो लिंबूसत्वाच्या पाण्याने उतरवा.

वीज तीन-चार तास गेली आणि फिल्टर बंद डब्याचा असेल तर आल्या आल्या मोटर चालू करू नका. डब्यातलं पाणी सडलेलं असतं, अंड्याच्या वासाचं. ते आधी गटारात सोडा.

दिंडोरी, निफाडकडे मळ्यात तळं असलेल्यांना एक वेगळा धोका आहे: फवारणी. मोरचुदाचा, बोर्डोचा (दोन्ही तांब्याची बुरशीनाशकं) तुषार वाऱ्याने तळ्यावर आला तर तांबं माशांना घातक, आणि केएच कमी असलेल्या पाण्यात जास्तच. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या जोरात असतात, त्या दिवसांत तळ्यावर ताडपत्री ओढा आणि ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी तळ्याच्या वरच्या अंगाला धुऊ देऊ नका. दिंडोरीच्या आमच्या पाहुण्यांनी ठिबकचा वाळूचा फिल्टरच तळ्याला जोडला होता. वाळूत माशांची विष्ठा चिकट गोळ्यासारखी बसते, पाणी तिच्यातून वाट फोडून गाळल्याशिवायच निघून जातं. गाळायला तो शेतात चांगला, तळ्याला नको.

डिसेंबर-जानेवारीत पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की खाद्य कमी, १० च्या खाली बंद. थंडीत जिवाणूही सुस्तावतात.

शेवटचं एक. सगळे मासे एकदम घासत असतील तर पाणी तपासा. एकच घासत असेल तर मासा तपासा. आमच्याकडे सगळं रुळावर आल्यावरही एक काळा-पांढरा तेवढा घासतच राहिला. मी आठ दिवस केएच मोजत बसलो. शेवटी त्याला जाळीत धरून ओल्या फडक्यावर घेतलं, तर पाठीच्या पंखाच्या मुळाशी अर्धा इंचाचा दोरा लोंबत होता. अँकर वर्म, माशाच्या अंगात रुतून बसणारा परजीवी. चिमट्याने मुळापासून ओढून काढला, जागेवर पोव्हिडोन आयोडीन लावलं. त्याची पिल्लं पाण्यात असतात, तेव्हा पुढचे काही आठवडे प्रत्येक माशाच्या पंखांची मुळं बघत राहायला लागतात.